उघड्या कुलपांचे सात खंड

नातीच्या अभ्यासाला हातभार लावायचा असं मी ठरवलं, तेव्हा घरात मला कोणीच अडवलं नाही. घरात कोणी म्हणजे एकटी बायको, आणि ती तेव्हा झोपली होती. (दुपारची वेळ होती. ती जागी असती तर पुढचं काहीच घडलं नसतं.)

मी पुस्तकं बांधणारा माणूस. लोकांनी लिहायची, मी शिवायची, असं पन्नास वर्षं चाललं. शाळेत मी दीड वर्ष गेलो. मराठी बोट ठेवून वाचतो. इंग्रजी अक्षरं मला गल्लीतल्या माणसांसारखी आहेत. चेहरे ओळखीचे, बोलणं-चालणं नाही. पुस्तकांच्या पाठीवर सोनेरी अक्षरं ठोकताना त्यांची ओळख झाली. एका वकिलाच्या अख्ख्या कपाटातल्या पुस्तकांवर ती मी उलटी ठोकली होती. वकील भला माणूस. त्याने पुस्तकंच उलटी लावली.

पुढे लोक पुस्तकं बांधून घेईनासे झाले. दुकान बंद केलं. दाबायचा शिकंजा पलंगाखाली गेला, मोठी सुरी दारामागे, आणि मी खिडकीशी.

आमची नात लहानपणापासून आमच्याकडे वाढली, कारण तिच्या आईबापांच्या नोकऱ्या फिरतीच्या. तिला आम्ही चिमणी म्हणतो. आता ती लांबच्या शहरात समाजशास्त्राची मोठी पदवी करतेय. समाजशास्त्र म्हणजे काय, असं मी तिला एकदा विचारलं.

"लोक कसे जगतात ते बघायचं, आबा."

"ते तुझी आजी रोज खिडकीतून बघते. तिला कोणी पदवी दिली नाही."

चिमणीचा विषय मात्र ऐकण्यासारखा आहे. हातातला धंदा बंद पडला की माणूस पुढे काय करतो? त्यासाठी ती चाळीस म्हाताऱ्यांना भेटणार होती. टंकलेखक, घड्याळजी, पाट्या रंगवणारे. त्यांच्यासमोर बसायचं आणि ते बोलतील ते ऐकायचं. आम्हाला ती दर रविवारी फोन करते. चार मिनिटं.

"काल एका घड्याळजींकडे गेले होते, आबा. चार तास बोलत होते. काय गोड माणूस!"

"चार तास?"

"हो ना. उठवेचना तिथून."

(घड्याळं दुरुस्त करणाऱ्या माणसाला चार तास झाले हे कळू नये? असला कसला घड्याळजी!)

"मग मलाही विचार की," मी म्हणालो. "माझाही धंदा बंद पडलाय. अगदी व्यवस्थित बंद पडलाय."

"नात्यातला माणूस चालत नाही, आबा. सरांचा नियम आहे."

म्हणजे बघा. जगातल्या कुठल्याही म्हाताऱ्याशी ती चार तास बोलू शकते, मी सोडून. उत्तरं माझी तयार होती. रोज सकाळी दाढी करताना मी ती आरशाला ऐकवत असे. आरसा नात्यातला नाही.

त्या रविवारी तिचा आवाज बसलेला होता. काम अडलंय, म्हणाली. लेख पाहिजेत, जुन्या पाहण्यांचे आकडे पाहिजेत, आणि बरंचसं कुलपात आहे, पैसे भरल्याशिवाय उघडत नाही. "फुकटचंही पुष्कळ असतं इंटरनेटवर. पण ते शोधत बसायला वेळ कुणाकडे आहे, आबा? हे एकदा संपलं ना, की मी येते. चांगली महिनाभर राहते."

हे ती दोन वर्षं म्हणतेय. मधे एकदा आली होती. दोन दिवस. त्यातला एक झोपून काढला. आजीने तिच्या अंगावर तीनदा पांघरूण घातलं आणि मी चारदा दार लोटून बघितलं, एवढीच आमची भेट.

फोन ठेवला आणि मी विचार करत बसलो. वेळ कुणाकडे आहे, म्हणे! आमच्या घरात दुसरं आहे काय? काम लवकर संपलं तर पोरगी लवकर येईल, हा हिशोब दीड वर्षाच्या शाळेतही समजतो. बायको घोरत होती. मी चपला घातल्या.

आमच्या रस्त्याच्या टोकाला सार्वजनिक वाचनालय आहे. तिथल्या ग्रंथपालबाई मला ओळखतात. त्यांची अर्धी कपाटं मी बांधलेली आहेत.

"काका, सध्या बांधायला काही नाही हो," मला बघताच त्या म्हणाल्या.

"बांधायला नाही आलो. समाजशास्त्र पाहिजे. फुकटचं."

बाईंनी चष्मा कपाळावर नेला, मला बघितलं, पुन्हा खाली आणून पुन्हा बघितलं. मग काही न विचारता मला कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरपुढे बसवलं. (अशी बाई सरकारात पाहिजे.)

"लेखाच्या नावाशेजारी बरेचदा कुलपाचं चित्र असतं," त्या म्हणाल्या. "बंद कुलूप असेल तर सोडून द्या. उघडं असेल तर कोणीही वाचावं, उतरवून घ्यावं."

"मला इंग्रजी वाचता येत नाही."

"कुलूप तर ओळखता येतं ना?"

मग त्यांनी सावकाश समजावलं. विद्यापीठं आपल्या विद्यार्थ्यांचे जुने प्रबंध उघडे ठेवतात. जनगणनेचे तक्ते असतात. हजारो घरी जाऊन केलेल्या पाहण्या, त्यातले प्रश्न, आलेली उत्तरं, सगळं एका भांडारात ठेवलेलं असतं. काही ठिकाणी तर जुन्या माणसांचं बोलणं रेकॉर्ड करून, पुन्हा टाइप करून ठेवलेलं.

"आणि हे सगळं फुकट देतात?"

"मांडून ठेवलंय, काका. लोकच येत नाहीत."

ते ऐकून मला आमच्या आतल्या खोलीतला चिमणीचा पलंग आठवला. त्यावरची चादर बायको दर शनिवारी बदलते.

बाईंनी चिमणीच्या विषयाचे सहा इंग्रजी शब्द मोठ्या अक्षरांत चिठ्ठीवर काढून दिले. मी चिठ्ठीतलं अक्षर बघायचं, ते कीबोर्डवर शोधायचं आणि दाबायचं. तो कीबोर्ड कोणी बांधला कोण जाणे, सगळी अक्षरं उलटसुलट लावलीत. एखाद्या पुस्तकात मी अशी पानं लावली असती तर गिऱ्हाइकाने ते माझ्या डोक्यात घातलं असतं. सहा शब्दांना एक तास लागला. मग पडद्यावर आकडा आला. दोन लाख चाळीस हजार.

"बाई, दोन लाख निघाले!"

"पहिली दहा बघा, काका. त्यापुढे कोणी बघत नाही."

मला मात्र त्या मागच्यांचं वाईट वाटलं. कोणीतरी कष्टाने लिहिलंय, कुलूपही उघडं ठेवून बसलंय, आणि लोक पहिल्या दहांवरून परत जातात. म्हटलं, पहिली दहा पोरीने बघितलीच असतील. आपण मागून जाऊ. मी विसाव्या पानापासून सुरुवात केली.

वाचनालयाच्या कार्डावर दिवसाला वीस पानं फुकट छापून मिळतात. दुसऱ्याच आठवड्यात माझ्या लक्षात आलं, की घरात आणखी एक माणूस आहे.

"मला कशाला वाचनालयाचं कार्ड?" बायकोने विचारलं.

"वीस पानं जास्त मिळतात."

"चला! लग्नानंतर पन्नास वर्षांनी का होईना, माझा काहीतरी उपयोग सापडला तुम्हाला."

पण आली. रोज येऊ लागली. मी कुलपं शोधायचो, ती मासिकं चाळायची, आणि छापलेली पानं माझ्या आधी तीच उचलायची.

"हे कशाबद्दल आहे हो?"

"कोळ्यांबद्दल असावं. होडी दिसतेय."

"आणि हे?"

"कुंभार."

"कशावरून?"

"माठ नको का दिसायला!"

"आणि हे? यात नुसतेच चौकोन आहेत."

ग्रंथपालबाई पुढे झाल्या. "ही प्रश्नावली आहे, काकू. पाहणीत लोकांना विचारायचे प्रश्न. यात विचारलंय की तुमच्या घरचं माणूस तुम्हाला शेवटचं कधी भेटलं. मग खूण करायची. या आठवड्यात, या महिन्यात, या वर्षात, किंवा आठवत नाही."

बायकोने शेवटच्या चौकोनावर बोट ठेवलं. मग बायको म्हणाली, "ठेवा तेही. पोरीला लागेल."

तीन महिने असे गेले. दोन हजारांच्या वर पानं झाली. चिमणीला आम्ही काही सांगितलं नाही, कारण तिला चकित करायचं होतं. रविवारी ती म्हणायची, "काय करताय, आबा?" मी म्हणायचो, "बसलोय." खोटं नव्हतं, फक्त कुठे बसलोय ते सांगत नव्हतो.

आता एवढी पानं सुटी कशी पाठवायची? बांधणाऱ्याच्या नातीला सुटी पानं? मी पलंगाखालून शिकंजा काढला, दारामागून सुरी काढली. बायकोने कपाळावर हात मारला. जेवणाचं टेबल गेलं. खळीचं पातेलं शेगडीवर चढलं आणि चहाचं उतरलं. चार दिवस ती बिचारी ओट्याशी उभी राहून जेवली. मला मात्र सुईत दोरा ओवताना हात थरथरत नाही हे बघून इतका आनंद झाला, की मी तो दोनदा ओवला.

इथे माझ्या हातून ती गोष्ट झाली.

छापलेल्या प्रत्येक पानाच्या तळाशी एक बारीक ओळ होती. तिरक्या रेघा, ठिपके, अक्षरं, आकडे. मुंग्या रांगेने चालल्यासारखी. आता आमच्या धंद्याची एक रीत आहे. छापखान्यातून आलेल्या कागदाच्या कडेला खुणा असतात, रेघा असतात, आकडे असतात. त्या बांधणाऱ्यासाठी. गिऱ्हाइकाला त्या दिसता कामा नयेत. माझे उस्ताद म्हणायचे, "मधलं वाचणाऱ्याचं, कडेचं सुरीचं." मी पन्नास वर्षांत कडेची एक खूण कधी पुस्तकात राहू दिली नाही. आताही दिली नाही. दोन हजार पानांच्या तळाच्या मुंग्या एका रेषेत उडवल्या. कडा अशा गुळगुळीत झाल्या, की गाल लावावा. (मी लावला.)

सात खंड झाले. विषय कळत नसल्याने मी ते रंगावर लावले. तक्तेवाले निळे, चित्रांचे हिरवे, चौकोनवाले तपकिरी. पाठीवर सोन्याने आकडे ठोकले, सुलटे. पार्सल गेलं. त्यानंतर मी रोज टपालवाल्याकडे असा बघायचो, जणू त्यानेच ते वाचून अभिप्राय द्यायचा आहे.

फोन आला तो गुरुवारी! रविवार नसताना आलेला फोन म्हणजे मला तर सणच. मी ओरडून बायकोला बोलावलं.

"आबा," चिमणी म्हणाली, आणि हसली. मग नाक ओढल्याचा आवाज आला. "आबा, हे तुम्ही केलंत?"

"तुझ्या आजीची वीस पानं आहेत रोजची."

"पण आबा... नुसता कुठे मिळालं तो पत्ता कळवला असता, तरी मी इथे उघडून वाचलं असतं."

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. बायकोने माझ्याकडे बघितलं. मी भिंतीकडे बघितलं.

"पण थांबा, आबा. चौथ्या खंडात बंद पडलेल्या गिरणीतल्या कामगारांचं बोलणं आहे ना, तेच मी वर्षभर शोधत होते! कुठे सापडलं तुम्हाला?"

"मागे. बरंच मागे. तिथे कोणी जात नाही."

"मग त्याचा पत्ता? पानाच्या तळाशी बारीक ओळ छापून येते बघा, तो पत्ता. तो दिल्याशिवाय सर एक शब्द घेऊ देणार नाहीत. तळाशी काहीच कसं नाही?"

मी दारामागच्या सुरीकडे बघितलं. "चिमणे, कडेचं सुरीचं असतं," मी हळूच म्हणालो.

तिने सावकाश विचारलं, "आबा, सगळ्यांचं?"

"सगळ्यांचं. एकसारखं. एक सूत इकडे-तिकडे नाही."

"आणि ती कापलेली पट्टी फेकली?"

इथे मात्र माझी मान वर झाली. "बांधणारा कात्रण फेकत नाही. गोणी भरून ठेवलीय."

"फेकू नका. मी येते."

मी फोन खाली ठेवला. बायको म्हणाली, "आयुष्यात तुम्ही एवढं नुकसान कधी केलं नव्हतं." आणि आतल्या खोलीतली चादर बदलायला गेली. वार गुरुवारच होता.

ती आली, सातही खंड घेऊन. पाठीवरची पिशवी खाली ठेवता ठेवता म्हणाली, "आबा, कुंभारांच्या पाहणीत आजीची शुगर एकशे ऐंशी कशी?"

बायकोचा तपासणीचा कागद चौथ्या खंडात शिवला गेला होता. तो ती तीन आठवडे शोधत होती आणि माझ्यामागे लागली होती, की तुम्हीच हरवलात. (हरवला नव्हता. पक्का बांधला होता.)

दुसऱ्या दिवसापासून आम्ही जमिनीवर गोणी ओतून बसलो. दोन हजार पट्ट्या. कोणती पट्टी कोणत्या पानाची, ते माझ्याशिवाय कुणाला कळणार? कागदाचा रंग बघायचा, शाईचा फिकेपणा बघायचा. माझ्या सुरीला एक बारीक खाच आहे, तिची रेघ कापावर उमटते. ती पट्टीवर आणि पानावर समोरासमोर आली पाहिजे. चिमणी पट्टी द्यायची, मी बोट फिरवायचो आणि सांगायचो, "निळा, दुसरा." तिचं डोकं माझ्या खांद्याला लागायचं. लहानपणी दुकानात ती अशीच बसायची, पुठ्ठ्यांच्या ढिगावर, आणि विचारायची, "आबा, हे पुस्तक कुणाचं?" आताही ती मधे मधे विचारायची. खाच कशी पडली? उस्ताद कसे होते? दुकानाला शेवटचं कुलूप लावलं त्या दिवशी तुम्ही घरी येऊन काय केलं?

"काय करणार? चहा प्यायलो."

"नाही," बायको आतून म्हणाली. "चहा ठेवून उठलात. निवला तो."

मी हळू काम करतो हे सगळ्यांना ठाऊक आहे. त्या दिवसांत मी आणखी हळू झालो. तिसऱ्या दिवशी मला दिसलं, की ढीग कमी होतोय. तेव्हापासून मी रोज एक मूठ पट्ट्या उचलून माझ्या उशीच्या अभ्र्यात सरकवू लागलो. चोरी नाही म्हणता येणार. कात्रणं माझीच होती. झोपताना उशी कुरकुरायची.

"काय वाजतंय हो?" बायको विचारायची.

"मान."

आठव्या दिवशी चिमणी म्हणाली, "आबा, उद्या निघते."

"कशी निघतेस? पट्ट्या कमी भरताहेत. गिरणीवाल्यांच्याच सापडलेल्या नाहीत." (त्या डाव्या कानाखाली होत्या.)

ती हसली. "आबा, रागावू नका. लेखाचं नाव कॉम्प्युटरवर घातलं की पत्ता सापडतो. मी आले त्याच दिवशी ग्रंथपालबाईंकडे जाऊन सगळे काढले. अर्धा तास लागला."

"मग हे आठ दिवस?"

"मला जिथे बसायचं होतं तिथे मी बसले." मग तिने तपकिरी खंड ओढला, चौकोनवालं पान उघडलं आणि पेन्सिल घेतली. "सरांना कळलं तर कळू दे. बोला आजोबा, धंदा बंद पडल्यावर तुम्ही दिवसभर काय करता?"

दोन वर्षं मी या प्रश्नाची वाट बघत होतो. दाढी करताना पाठ केलेलं सगळं आरशापाशीच राहिलं. मी तिच्यापुढच्या खंडाच्या कडेवरून बोट फिरवत राहिलो.

"पसारा!" आतून बायको म्हणाली.

चिमणीने तेच लिहून घेतलं.

ती गेली. त्या दुपारी मी पट्ट्या काढायला उशीचा अभ्रा उघडला, तर वर एक घडी घातलेला कागद होता. वहीतून फाडलेला. बोट ठेवून वाचला. 'आबा, या पट्ट्या राहू द्या. पुढच्या महिन्यात मी दोन खोल्यांचं घर घेतेय. एक खोली तुम्हा दोघांची. पहिल्या तारखेला या. पत्ता खाली लिहिलाय.' खाली रस्ता होता, वस्ती होती, आणि अगदी तळाशी घराचा नंबर.

मी तो तीनदा वाचला. मग बायकोला दाखवायला निघालो. पण कागद घाईत फाडलेला. कडा वेडीवाकडी, दातेरी. अशी कडा मला बघवत नाही. पहिल्यांदाच नातीच्या घरी जायचं, आणि हातात हा असा कागद? दारामागे सुरी होतीच. चारही बाजू सरळ केल्या, एका रेषेत. कात्रणं सवयीने पट्ट्यांनी पुन्हा भरलेल्या गोणीत टाकली आणि गोणी हलवून तोंड बांधलं.

आता कागद फार सुरेख दिसतो. बायको म्हणते, फोन करून नंबर विचारा. विचारला असता, पण पोरगी कारण विचारेल. पहिली तारीख अजून अकरा दिवस लांब आहे. गोणी मी पुन्हा जमिनीवर ओतली आहे आणि शोधत बसलो आहे.

वेळ आहे माझ्याकडे.